शब्दांचे दारूकोठार

इंग्रजी शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु ज्या भाषेचे मीठ आम्ही खाल्ले ती एवढी हत्यारबंद आहे, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. इंग्रज मनुष्य बिऱ्हाड हलवितो ते 'लॉक, स्टॉक अँड बॅरल', म्हणजे बंदुकीची कळ, दस्ता आणि नळी, असे तिन्ही अवयव घेऊन! एखाद्या लेखकाचे पहिले पुस्तक गाजून दुसरे पडले, की टीकाकार 'फ्लॅश इन द पॅन' म्हणून त्याला निकालात काढतात. चकमकीच्या बंदुकीत नळीबाहेरच्या लहानशा वाटीत थोडी दारू ठेवीत. आमचे जुने गोलंदाज तिला रंजक म्हणत. ठिणगी पडून तेवढीच भुर्रकन पेटावी व आतला बार मुळीच उडू नये, अशी फजिती पुष्कळदा होई. शत्रू समोर ठाकला असता जिच्या हाती अशी बंदूक असे त्या शिपायाला हा अलंकार खचितच सुचला नसता.

मासिकाला इंग्रजीत 'मॅगझिन' म्हणतात. तो शब्द मूळचा अरबी, कोठार या अर्थाचा. आणि इंग्रजीत तो दारूगोळ्याच्या कोठारासही लावीत. १७३१ साली लंडनच्या एडवर्ड केव्हने आपल्या नियतकालिकास 'जंटलमन्स मॅगझिन' असे नाव दिले, तेव्हापासून त्यात लेख साठू लागले. संपादकांनी रागावू नये. मराठीतही औषध रामबाण असतेच. पण रामाचा बाण कोणास लागला, हे आपणां सर्वांस ठाऊक असते.

'डेडलाइन' कोणास लागली, हे आम्हांस ठाऊक नव्हते. कित्येक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने निबंध एक दिवस उशिरा आणला. तो हाती न घेता आम्ही वर्गासमक्ष कोटी केली, "डेडलाइन ओलांडणारा जिवंत राहत नाही." वर्ग हसला, तोही हसला. त्या आठवड्यात त्याच्या घरी सुतक होते, हे पुढे त्याच्या एका सोबत्याकडून कळले.

नंतर एका सुटीत अमेरिकेतील यादवी युद्धाचा इतिहास वाचताना जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या बंदिशाळेचे वर्णन आले. १८६४ च्या फेब्रुवारीपासून सुमारे चौदा महिन्यांत दक्षिणेच्या सरकारने तेथे उत्तरेचे जवळजवळ ४५,००० सैनिक कोंडले. त्यांतले सुमारे १३,००० मेले, बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. लाकडी तटाच्या आत काही पावलांवर एक हलके कुंपण होते. ते ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घालीत. त्या कुंपणाचे नाव डेडलाइन! बंदिशाळेचा अधिकारी हेन्री वर्झ १८६५ च्या नोव्हेंबरात फाशी गेला; शब्द मात्र सुटला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत नोकरीस लागला. म्हणजे आमची कोटी अक्षरशः खरी होती. त्याने ती अधिकच सलू लागली.

हल्ली सूचनाफलकावर आम्ही 'अखेरची तारीख' असे लिहितो. मुले ते वाचतात आणि एकमेकांस विचारतात, "सरांची डेडलाइन कधी आहे रे?"