त्रेपन्न मैल

मंडळी, ६२ व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं याबद्दल आपल्या मंडळात फारसे मतभेद नाहीत. भारताच्या खेपा कराव्यात, ब्लडप्रेशरच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि फारच हौस असेल तर तबला शिकावा. मी २०२४ च्या मे महिन्यात बीएमडब्ल्यूची एम-२ घेतली. निळी, दोन दारांची, आणि मुद्दाम हाताने गियर टाकायची. सौ.ने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागच्या सीटकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "इथे बसायचं कुणी?"

प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

याचं मूळ आमची लेक. ती हार्टफर्डला असते आणि तिच्याकडे १९९० ची जुनी मियाटा आहे, माझ्या निम्म्या किमतीच्याही निम्म्याहून कमी किमतीची. ती गाडी घेऊन ती वर्षातून तीन-चारदा लाइम रॉकला जाते. लाइम रॉक म्हणजे कनेटिकटच्या डोंगरातला, १९५७ साली सुरू झालेला, दीड मैलाचा ट्रॅक. पॉल न्यूमन हा सिनेनट तिथे शर्यती करायचा. शेजाऱ्यांनी कोर्टात जाऊन १९५९ मध्ये रविवारच्या शर्यती बंद करवल्या, त्या आजतागायत बंदच आहेत. (शेजारी म्हणजे शेवटी शेजारी, सदाशिव पेठेतले काय किंवा कनेटिकटमधले काय.) ती जाते ते शर्यतीला नव्हे, 'ट्रॅक डे'ला. आपलीच गाडी, डोक्याला हेल्मेट, नवशिक्यांच्या शेजारी शिक्षक बसलेला. बक्षीस नाही, नंबर नाही. माझ्या निवृत्तीला तिने मला अशा एका दिवसाची फी भरून पाकीट हातात दिलं. तारीख, ३१ मे. गाडी हातात आली ४ मेला.

आणि मग मी गाडीचं पुस्तक वाचलं. सवयच आहे, टोस्टर घेतला तरी मी आधी पुस्तक वाचतो. त्यात लिहिलेलं: पहिले १२०० मैल इंजिन ५५०० फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा नाही. १२०० झाले की गाडी वर्कशॉपमध्ये न्यायची, इंजिनचं आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं. त्यानंतरही एकदम नाही, वेग वाढवायचा तो टप्प्याटप्प्याने. ४५३ अश्वशक्तीचं, ७२०० पर्यंत फिरू शकणारं इंजिन घ्यायचं आणि महिनाभर त्याला अर्ध्या दमाने चालवायचं! म्हणजे घरात आमरसाचं पातेलं भरलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं दोन चमचेच घ्या.

पण हे थोतांड नाही. इंजिनच्या सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत नसते. तिच्यावर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात, तेल धरून ठेवायला. पिस्टनच्या रिंगा आणि ही भिंत एकमेकींवर घासून एकमेकींच्या आकाराच्या होतात, आणि तसं झालं की मगच ज्वलनाचा दाब नीट धरला जातो. पाट्याला टाकी लावून घेतल्यावर माझी आई पहिलं वाटण टाकून द्यायची, कारण त्यात दगडाची कच येते. पहिलं तेल टाकायचं तेही यासाठीच. डिफरन्शियलचे दाते पहिल्या दिवसांत जास्त तापतात. ब्रेकच्या पॅडना चकतीवर आपला थर बसवायला ३०० मैल लागतात. नव्या टायरची पकडसुद्धा पहिले २०० मैल पुरी नसते. आता कोणी म्हणेल की आजकालचे कारखाने इतकं बारीक काम करतात की ही सगळी जुनी भीती आहे. रोज दूध आणायला जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत थोडंफार खरंही असेल. पण ट्रॅकवर वीस मिनिटं सलग जीव काढणार असाल, तर मी पुस्तकाच्या बाजूचा.

त्यातही गंमत अशी की नुसते मैल भरून चालत नाहीत. टर्नपाइकवर क्रूझ लावून सरळ १२०० मैल मारले तर इंजिन एकाच सुरात फिरत राहतं, आणि रिंगा बसायला हवा असतो चढउतार. गियर बदलला पाहिजे, चढ आला पाहिजे, उतारावर पाय काढला पाहिजे. म्हणून मी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं, "कोणाला कुठेही जायचं असेल तर सांगा." मंडळी, तुम्ही मला निराश केलं नाहीत. नूअर्क विमानतळावर तीन खेपा झाल्या. ब्रिजवॉटरच्या व्यंकटेश्वराला दोन झाल्या, त्यातल्या एकीत ८० वर्षांच्या काकू होत्या. त्या मागच्या सीटवर बसायला गेल्या आणि अर्ध्यावर अडकल्या. शेवटी मी मागे बसलो, सौ. पुढे असती तर काय बोलली असती ते मनात म्हणत, आणि गाडी काकूंच्या नातवाने चालवली. तोही ५५०० च्या आत. नाटकाच्या तालमीला बटाटेवड्यांचे चार ट्रे पोहोचवले. वड्यांचा वास अजून गाडीत आहे. उरलेल्या संध्याकाळी मी एकटाच रूट २३ ने वरच्या डोंगरात जायचो, चढायचं, उतरायचं, परत यायचं.

अशाच एका संध्याकाळी अण्णांच्या स्कूटरची आठवण आली. खरं म्हणजे आठवण नेहमीच असते, मी ती कोणाला सांगत नाही.

अण्णांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला १९७४ मध्ये आणि स्कूटर मिळाली १९८१ मध्ये. सात वर्षं. तेव्हा हे कोणाला विशेष वाटायचं नाही. पांढरी चेतक, मागच्या स्टेपनीच्या कव्हरवर अण्णांनी पेंटरकडून लाल अक्षरांत 'रनिंग इन' लिहून घेतलं होतं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, आणि नवी असेपर्यंत थोडं जास्त. अण्णा ताशी ४० च्या वर जात नसत. ऑफिसला जाताना सायकलवाले त्यांना मागे टाकायचे असं शेजारचे म्हणायचे, ती अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. स्कूटर जेमतेम ४०० किलोमीटर चाललेली. एका रविवारी दुपारी अण्णा झोपलेले असताना मी किल्ली उचलली, मित्राला मागे घेतलं आणि खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो. मित्र मागून ओरडत होता, अजून, अजून. काटा ७० च्या पुढे गेला. मग एक 'च्युंक' असा आवाज आला आणि मागचं चाक धरलं गेलं. पडलो नाही एवढं नशीब. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये जाम झाला. मेकॅनिकांच्या भाषेत इंजिन सीज झालं.

आम्ही दोघांनी ती स्कूटर ढकलत पुण्यात आणली. वाटेत धायरीला मित्र म्हणाला, सांग की आपोआप बंद पडली. अण्णा दारातच उभे होते. त्यांनी स्टेपनीवरच्या लाल अक्षरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दम धरवला नाही ना." मारलं असतं तर बरं झालं असतं. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवला. त्या महिन्यात आईच्या साडीचं काहीतरी राहून गेलं, नक्की काय ते मला कधी कळलं नाही. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून रनिंग इन केलं. आणि ती लाल अक्षरं त्यांनी नंतर कधीच पुसली नाहीत. दहा वर्षं स्कूटर चालवली, ४० च्या आत. मी १९८९ मध्ये अमेरिकेला निघालो तेव्हा ते मला स्वारगेटला सोडायला आले, त्याच स्कूटरवरून, बॅग पुढे पायाशी ठेवून. मी मागे बसलो होतो. एशियाडची बस चुकेल की काय असं वाटत होतं, पण 'जरा जोरात घ्या' असं म्हणायचा मला तोंड नव्हतं.

ते १९९६ मध्ये इथे आले तेव्हा मी त्यांना कॅम्रीतून नायगाराला नेलं. हायवेवर त्यांनी मान वाकवून काट्याकडे बघितलं आणि विचारलं, "हिचं रनिंग इन झालं का रे?" गाडीचे ९०,००० मैल झालेले होते. मी म्हटलं, "झालं, अण्णा." मग ते खिडकीबाहेर बघत बसले. खडकवासल्याचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. ते आता नाहीत.

असो. ३१ मेच्या पहाटे मी एडिसनहून निघालो. लाइम रॉकच्या पॅडॉकमध्ये गाडी उभी केली तेव्हा आकडा होता ११४७. ५३ मैल कमी. लेक मियाटाच्या टायरमध्ये हवा बघत होती. आकडा बघून म्हणाली, "बाबा, ५३ मैलांनी काय होतं? कंप्यूटरला पण कळणार नाही." आजूबाजूचे दोघेतिघे आले, गाडी बघितली, तेही तेच म्हणाले. आणि खरं सांगायचं तर इंजिनिअर म्हणून मलाही ठाऊक होतं की ११४७ आणि १२०० यांच्यात लोखंडाला काही फरक कळत नाही. वर्कशॉपची तारीख तर १२ जूनची होती, म्हणजे पहिलं तेल अजून आतच होतं, हा एक मुद्दा सांगण्यासारखा होता. तोच मी सांगितला. पण हात थरथरत होते ते तेलामुळे नव्हे.

मी म्हटलं, "नाही नेणार." ती रागावली. फी तिने भरलेली, तिने रजा घेतलेली. "मग आलास कशाला?" असं ती म्हणाली, आणि इंग्रजीत अजून काहीतरी. मग मी तिला गवतावर बसून स्कूटरची गोष्ट सांगितली. ४३ वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. तिने मध्ये एकदाच विचारलं, "आजोबा ओरडले नाहीत?" मी म्हटलं, नाही. ती थोडा वेळ हेल्मेटचा पट्टा चाळवत बसली. मग ऑफिसकडे गेली, तिथल्या माणसाशी बोलली आणि परत येऊन मियाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू नवशिक्यांच्या ग्रुपमध्ये, मी पुढच्या. एकच गाडी चालते."

तर माझी ट्रॅकवरची पहिली फेरी ११६ अश्वशक्तीच्या, ३४ वर्षांच्या, रोल बार बसवलेल्या गाडीतून झाली. मी अमेरिकेत आलो त्याच वर्षी ते मॉडेल बाजारात आलं होतं. आम्ही दोघेही रनिंग इन संपवून बसलेले. बिग बेंडला मी ब्रेक इतक्या लवकर मारला की शिक्षक म्हणाले, "सर, वळण अजून पुढच्या गावात आहे." चौथ्या सत्रापर्यंत मात्र काटा लाल पट्ट्याला टेकत होता आणि मी ओरडत होतो, मराठीत. शिक्षकांनी अर्थ विचारला नाही ते बरं.

घरी परतताना ब्रूस्टर मागे टाकल्यावर आकडा १२०० झाला. मी ६८४ वर ताशी ६५ ने चाललो होतो. एक ट्रकवाला मागून दिवे दाखवून पुढे निघून गेला.

१२ जूनला तेल बदललं. सप्टेंबरमध्ये एम-२ घेऊन परत गेलो तेव्हा २६०० मैल झालेले होते. तिसऱ्या सत्रात, डोंगरावरून खाली येणाऱ्या शेवटच्या वळणातून गाडी मुख्य सरळ पट्ट्यावर आली आणि शिक्षक म्हणाले, "आता." मी पाय तळापर्यंत दाबला. ५५००. ६०००. ७०००. गियर. इंजिन असं ओरडलं की हेल्मेटमध्येही अंगावर काटा आला, आणि त्या आवाजात कुठेही 'च्युंक' नव्हतं. सत्र संपवून पॅडॉकमध्ये आलो तरी मी गाडी बंद न करता बराच वेळ तशीच ऐकत बसलो. लेकीने काचेवर टकटक केली. हातात तिचा फोन होता, पलीकडे सौ.

"झालं का तुमचं? येताना कोथिंबीर आणा. आणि हळू या."