ओसरीवरचा वाणी

चातुर्मासातील पाऊस स्थिरावला की आमच्या ओसरीवर असंख्य पायांचा, तांबूस-काळा वाणी हमखास येतो. स्पर्श होताच तो वेटोळे घालून नाण्यासारखा पडून राहतो. म्हणून काहीजण त्याला ‘पैसा’ही म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणाऱ्या आमच्या घराला या दोन्ही नावांची गंमत वाटत आली आहे.

परवा माझ्या आठ वर्षांच्या नातवाने त्याला उचलले आणि लगेच टाकून दिले. बोटांवर पिवळट-तपकिरी डाग पडले होते, उग्र वास येत होता. “शी! आजी, किती घाण आहे हा!” म्हणत त्याने चप्पल उचलली.

मी त्याचा हात धरला. पण रागावण्याचा अधिकार मला कितपत होता? त्याच वयात मी भिंतीवरच्या पालीला काडीने डिवचत असे. तिचे शेपूट तुटून वळवळू लागले की आम्ही भावंडे टाळ्या पिटत असू. पाल शेपटीत चरबी साठवते, उपासमारीच्या दिवसांत तीच तिला तारते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. आमच्या घटकाभराच्या करमणुकीपायी तिने आपली गंगाजळी गमावली होती.

हात धुऊन झाल्यावर नातवाला जवळ बसवले. बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा पोटात रसायने जपतो आणि संकट येताच त्यांतून उकळत्या पाण्याइतका तप्त फवारा सोडतो. अमेरिकेच्या वाळवंटातील एक काटेरी सरडा कोल्ह्या-कुत्र्यांवर डोळ्यांच्या कडेतून रक्ताची चिळकांडी उडवतो. त्या चवीने ते मागे सरतात. समुद्रकाकडीच्या काही जाती तर स्वतःची आतडीच शत्रूपुढे टाकतात आणि पुढे ती पुन्हा वाढवतात. प्रत्येक गोष्टीला “शी!” म्हणणारा नातू हळूहळू “मग पुढे?” असे विचारू लागला.

“मग वाणीसुद्धा घाबरला होता का?”

“हो. त्याला बोलता येत नाही. ‘मला सोड’ हे तो असेच सांगतो. एरवी कुजका पाला खाऊन तो मातीच तयार करतो.”

गाईला चारा आणि कबुतरांना दाणे घालताना दया सहज येते. प्रतिक्रमणात मात्र आपण एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सर्वच जीवांची क्षमा मागतो. आपल्याला किळस येणारे जीव त्यातून वगळलेले नाहीत. पुष्कळदा आपला हात रागाने नव्हे, किळसेनेच उचलला जातो. म्हणून अहिंसेची परीक्षा तिथेच अधिक होते, असे मला वाटते. ज्याला आपण घाण म्हणतो, तो त्या जीवाचा जगण्याचा अखेरचा उपाय असतो.

नातवाने पुंजणी आणली. वाणीचे वेटोळे सुटेपर्यंत तो थांबला आणि अलगद त्याला कुंडीमागच्या ओल्या पाल्यात सोडून आला. बोटांवरचे डाग मात्र दोन दिवस गेले नाहीत. शाळेत तो ते मोठ्या अभिमानाने दाखवत होता.