पखालजी, नालबंद आणि एक उंदीर

उत्तर इंग्लंडमध्ये विंदोलंडा नावाचा रोमन लष्कराचा तळ होता. तिथल्या चिखलात १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडत गेल्या, इसवी सन १०० च्या आसपासच्या! कुणाला पायमोजे आणि चड्ड्या पाठवल्यात, कुणाच्या माणसांची बिअर संपलीय म्हणून आणखी मागवतोय. वाचलं आणि डोक्यात किडाच शिरला : शिवरायांच्या बारगिराचं, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वाराचं, रोजचं जगणं कुणी लिहून ठेवलंय का?

ठेवलंय की! कृष्णाजी अनंत सभासदानं १६९० च्या दशकात जिंजीला बसून शिवरायांची बखर लिहिली. त्यातल्या लष्कराच्या पानांवरून मी पुढं सरकायलाच तयार नाही. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी, एक नालबंद! म्हणजे पाण्याची आणि नालेची सोय आधीच लावलेली.

दसऱ्याला आम्ही शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात सोनं वाटतो ना, त्याच सुमारास छावणी हलायची. निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी व्हायची. आठ महिने परमुलखात स्वारीवर. सोबत बायको, बटीक, कलावंतीण काही चालायचं नाही. बाळगली तर गर्दन जायची! वैशाखात परतलं की झाडा, म्हणजे झडती. जुनी यादी समोर धरायची आणि जास्त निघेल ते पगारात वळतं करायचं. लुटीचा हिशेब इतका चोख!

आणि चिपळूणजवळच्या छावणीला राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेलं शिवरायांचं पत्र! वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्याकडून दाणा, भाकरी, भाजी ओरबाडाल आणि त्याला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, वैरण पेटेल. अहो, उंदीर! एवढा मोठा राजा आणि त्याला छावणीतल्या उंदराची काळजी! कडब्याच्या गंजीशेजारी वाढलेल्या आम्हा शिरूरकरांना त्यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

कुणब्याची भाजी वाचवायची तर घोड्याची वैरण आधी मोजावी लागते, हे त्या छावणीला पक्कं शिकवलं जात होतं. सभासदाची बखर आहेही छोटीशी. अफझलखान मागाहून वाचा. आधी झाड्याचं पान उघडा!