फांद्या मोजताना

परवा आत्याने फोनवर विचारलं, "हल्ली काय करतोस रे कंपनीत?" म्हटलं, "फांद्या मोजतो." तिला वाटलं, मी वनखात्यात लागलो!

पण खरंच. वितळलेलं ॲल्युमिनियम डायमध्ये गोठायला लागलं की आधी त्यात झाडासारखे स्फटिक वाढतात, डेन्ड्राइट. मधे खोड, दोन्ही बाजूंना फांद्या. धातू पटकन थंड झाला तर फांद्या दाट, सावकाश झाला तर विरळ. (गोठायला आठपट वेळ लागला तर अंतर ढोबळमानाने दुप्पट. घनमूळाचा हिशोब.) फांद्या दाट असल्या की कास्टिंग तुटण्याआधी बऱ्यापैकी ताणलं जातं. गाडीच्या सस्पेन्शनच्या पार्टात हे महत्त्वाचं. आमच्या एका पार्टच्या ड्रॉइंगवर जाड भागासाठी मर्यादा आहे ३० मायक्रॉन. आपला केस साधारण ७०चा असतो, त्यावरून अंदाज करा.

इतकी वर्षं मी हे हातानेच केलं. तुकडा कापायचा, आरशासारखा पॉलिश करायचा, मायक्रोस्कोपखाली चांगलं खोड शोधायचं, ओळीतल्या फांद्यांवरून रेषा मारायची आणि लांबीला मधल्या अंतरांच्या संख्येने भागायचं. असे पाच फोटो, सरासरी, सही.

मग आमच्या ज्युनिअरने सॉफ्टवेअर बसवलं. पहिला आकडा आला १४. वरचे साहेब खूश! मला पटेना. स्क्रीनवर पाहिलं, तर ते पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या फांद्या सोडून मधल्या करड्या सिलिकॉनचा कण न् कण मोजत होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. यंत्राला काय कळतंय, यावर पोरीला छोटंसं भाषणही दिलं.

तिने निमूट ऐकलं. दुसऱ्या दिवशी जवळजवळचे कण एकत्र धरायला लावले, ओळीत निदान पाच फांद्या असतील तीच झाडं घेतली आणि अख्खा तुकडा स्कॅन केला. ३६.

त्याच तुकड्याचा माझा आकडा होता २८.

"सर," ती जरा चाचरत म्हणाली, "तुमचे पाचही फोटो कडेचे आहेत."

होते. कडेला डायचा गारवा लागतो, तिथली झाडं कशी सुबक, ओळीत उभी. मधे सगळं अस्ताव्यस्त. चांगलं खोड शोधायचं म्हणता म्हणता माझी नजर दर वेळी कडेला जात होती. मधल्या भागात मी स्वतः हाताने मोजलं. ३७.

लॉट थांबवला. "मग इतके दिवस काय मोजत होतात?" साहेबांनी विचारलं. काय सांगणार?

आता कपाटातले जुने तुकडे काढून रोज दोन-दोन पुन्हा पॉलिश करतोय. काल पहिला झाला. रिपोर्टमध्ये २७, खाली माझी सही. आता निघाले ३३. ते पार्ट कधीच गाड्यांना लागले.

उद्या सकाळी कस्टमरला फोन करायचाय. साहेब म्हणतात, आठवडाभर थांबा. मी नंबर काढून ठेवलाय.