डावं-उजवं

प्लेनोहून दक्षिणेला डॅलस ओलांडून तासभर गाडी हाणली की वॅक्साहाची लागतं. या भागात जमिनीखाली सुमारे २३ किलोमीटर बोगदा खणलेला आहे. होणार होता ८७ किलोमीटरचा गोल, प्रोटॉन एकमेकांवर आदळायला. खर्च फुगत गेला आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रकल्प गुंडाळला. तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर मातीत गेले होते.

आई इथे सहा महिने राहायला आली होती, तेव्हा तिला हे सांगितलं. तिचा प्रश्न सरळ: "एवढं आदळून बघायचं काय असतं?"

म्हटलं, एक गोष्ट अशी, की निसर्ग डावं-उजवं करतो का? प्रसादाला आपण उजवाच हात पुढे करतो, पण निसर्गाला अशी आवडनिवड नसावी असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९५७ साली वू बाईंनी अतिथंड कोबाल्टवर प्रयोग करून दाखवलं, की तो चक्क डावं-उजवं करतो! मग लोक म्हणाले, आरशातल्या प्रतिमेत कणाऐवजी प्रतिकण घाला, हिशोब जुळेल. १९६४ मध्ये तोही किंचित चुकला.

हा 'किंचित' फार मोलाचा. कण आणि प्रतिकण भेटले की दोघेही संपतात. दोन्ही अगदी सारखे असते तर विश्वात जवळजवळ नुसता प्रकाश उरला असता. अब्जात एखादा कण जास्त निघाला, त्यावर हा सगळा संसार!

२००१ साली कॅलिफोर्नियातल्या बाबार आणि जपानमधल्या बेल या प्रयोगांनी बी-मेसॉनमध्ये हा फरक पकडला. बाबारमध्ये आमच्या शेजारच्या रिचर्डसनच्या यूटी डॅलसची मंडळी होती, तर बेलमध्ये मुंबईच्या टीआयएफआरची. त्यातली युक्ती माझ्यातल्या इंजिनिअरला भारी आवडते. बी-मेसॉन सेकंदाचा जेमतेम लाख-कोटीवा भाग जगतो. एवढा वेळ मोजणार कसा? म्हणून इलेक्ट्रॉनला जास्त ऊर्जा दिली, पॉझिट्रॉनला कमी. त्यामुळे मेसॉन पुढे ढकलले जातात आणि मरण्याआधी मिलिमीटरचा साधारण पाव भाग सरकतात. म्हणजे घड्याळाचं काम पट्टीवर भागलं!

२०२५ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्नने प्रोटॉनच्याच कुळातल्या एका जड कणातही असा फरक दाखवला. तरी आजवर मोजलेला सगळा फरक आपल्या असण्याला पुरत नाही, कित्येक पटींनी कमी पडतो. आपण उरलो कसे, याचा हिशोब अजून लागायचाय. पुढच्या यंत्राच्या खर्चावरून वाद होईल तेव्हा मी तरी "पैसे द्या" म्हणणाऱ्यांच्या बाजूला असेन.