जिंतूर : अंगणातला सिनेमा, दादीची ढोलक

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर आहे. पाहुणे येतात आणि विचारतात, "तुमच्याकडे फिरायला काय आहे?" आम्ही बोटांवर मोजून सांगतो : पूर्णा नदीवरचे येलदरी धरण, नेमगिरीच्या टेकडीतली जैन लेणी, चारठाण्याची जुनी दगडी मंदिरे. फजरनंतर चहा घेऊन निघाले तर हे सारे एका दिवसात पाहून होते. येलदरीच्या पाण्याकडे पाहत डबा उघडायचा, मुलांना दम देत काठापासून लांब ठेवायचे आणि मगरिबच्या आत घरी परतायचे. मग पाहुण्यांचा दुसरा प्रश्न येतो, "आणि संध्याकाळी काय करता?"

खरे उत्तर द्यायचे तर संध्याकाळी आपण सगळे घरात असतो, पण एकत्र नसतो. पुरुष हॉटेलात चहावर, मुलगे मोबाईलवरच्या रीलमध्ये, सुना मालिकेत आणि म्हातारी माणसे खाटेवर छताकडे पाहत. एका छपराखाली पाच पडदे चालू असतात आणि कोण कशावर हसले ते दुसऱ्याला कळत नाही. जिंतूरचेच हे दुखणे नाही, पण आम्ही जिंतूरचे सांगतो.

वर्षातून एकदा मात्र घर एकत्र बाहेर पडते. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस इंग्रजी तारखेप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. बोरी, झरी मागे टाकत गाडी परभणीकडे निघते. राहाटपाळणे, बांगड्यांची दुकाने, हलवा-पराठ्याच्या मोठाल्या परातींभोवतीची गर्दी. हिंदू शेजारी आमच्याच गाडीत असतात, कारण हा उरूस सगळ्या जिल्ह्याचा आहे. पण कव्वाली रंगते ती ईशानंतर, रात्र चढल्यावर. तोवर लेकरे पेंगुळतात आणि बायकांना "चला आता" म्हणून उठवले जाते. आमच्या फुफू म्हणतात, "इतक्या वर्षांत मी कव्वालीची सुरुवातच ऐकली आहे."

करमणुकीविषयी आपल्या घरांत दोन मते आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. काही वडीलधाऱ्यांना हे सगळेच नको वाटते. त्यांचा मान ठेवूनच सहीह बुखारीतल्या एका प्रसंगाची आठवण द्यावीशी वाटते. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना तो खेळ दाखवला. स्वतःच्या चादरीची आड धरून ते उभे राहिले आणि त्यांचे मन भरेपर्यंत हलले नाहीत. खेळ काय होता यापेक्षा आम्हाला ते थांबणे मोठे वाटते. घरातल्या बाईचे मन भरेपर्यंत कोणीतरी थांबले होते. आपण "चला आता" म्हणतो.

यंदा ईदनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे मालेगावचे पाहुणे आले. आमची एक लेक तिकडे दिली आहे. हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले, मोसम आणि गिरणेच्या काठचे, यंत्रमागांचे. आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ खंडोबाची जत्रा भरते ते माळेगाव वेगळे. पाहुण्यांसमोर सिनेमाचा विषय निघाला आणि जावईबापू सरसावून बसले. मालेगावच्या माणसाला सिनेमाविषयी विचारणे म्हणजे नागपूरकराला संत्र्याविषयी विचारणे.

त्यांच्या गावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नासिर शेख नावाचा तरुण तिथे व्हिडिओ पार्लर चालवत असे आणि लग्नांचे चित्रीकरण करत असे. २००० साली त्याने मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. नट सगळे गावातले, कोणी मागावरचा कामगार तर कोणी दुकानदार. कॅमेरा लग्नाचा. ट्रॉली नाही म्हणून सायकल वापरली, क्रेन नाही म्हणून बैलगाडी. चित्रपट गावात तुफान चालला. पुढे त्यांनी सुपरमॅनलाही मालेगावात आणले. तो कसा बनला याचा माहितीपट फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला, तो याच मित्रांवर. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रात दंगली आणि बॉम्बस्फोटांमुळेच छापून येत होते, ते नाव लोकांनी हसत घेतले. हे काही लहान काम नव्हे.

"मग बघूच," असे ठरले. लग्नात प्रोजेक्टर लावणाऱ्या ओळखीच्या मुलाकडून एक प्रोजेक्टर आणला. अंगणातल्या भिंतीवर पांढरी चादर ताणली, चार कोपऱ्यांना खिळे. वेळ ईशानंतरची, म्हणजे नमाजही चुकणार नाही आणि उन्हाचा ताव गेलेला असेल. पुढे सतरंजीवर मुले, मध्ये खाटांवर आणि खुर्च्यांवर बायका आणि म्हातारी माणसे. पुरुष सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. ही मांडणी फुफूंची. "थिएटरात पुढची जागा तुमची असते, इथे आमची," त्या म्हणाल्या. शेजारचे गुरुजी आणि त्यांच्या घरचेही आले. तहारीचे पातेले चुलीवरच ठेवले होते.

'सुपरमेन ऑफ मालेगाव' जेमतेम तासाभराचा आहे. अंगाने काडी असलेला शफीक सुपरमॅनच्या कपड्यांत उभा राहिला तेव्हा अंगणात असा हशा उठला की गल्लीतली आणखी चार माणसे आत आली. शूटिंगच्या मध्येच त्याचे लग्न निघते तेव्हा बायका खूश. तो सुपरमॅन लढतो कोणाशी, तर लोकांना तंबाखूच्या नादी लावणाऱ्याशी. सिनेमा संपल्यावर जावईबापूंनी सांगितले की पुढे काही वर्षांतच शफीक कर्करोगाने गेला. अंगण गप्प झाले. मामूंचा हात सवयीने खिशातल्या पुडीकडे गेला होता, तो तसाच परत आला.

आम्हाला त्या रात्री जाणवली ती भाषा. दादी म्हणाली, "इनका बोलना अलग है, पर अपनेच लोगां हैं." मालेगावच्या विणकरांचे बरेचसे पूर्वज उत्तर प्रदेशातून आलेले, त्यामुळे त्यांची बोली आपल्या दखनीहून वेगळी. पण ती मोठ्या सिनेमातली गुळगुळीत हिंदी-उर्दूही नाही. मोठ्या पडद्यावरचा मुसलमान एक तर नवाब असतो किंवा हातात बंदूक घेतलेला. हौ, नक्को, कायकू म्हणणारा माणूस तिथे दिसत नाही. २००५-०६ च्या सुमारास हैदराबादचा 'द अंग्रेज़' आला तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्याची सीडी हातोहात फिरली, ती याचसाठी. आपले 'नक्को' मराठीतल्या 'नको'मधून आले आहे आणि 'अपनेच'मधला 'च'ही मराठीच. घरात जे बोलतो ते पडद्यावर ऐकू आले की माणूस ताठ बसतो.

दुसऱ्या रात्री गुरुजींच्या पसंतीचा मराठी चित्रपट लावला, मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या', २००८ चा. शेतकऱ्याचा पोरगा आणि त्याचा जखमी बैल चितंग्या. टिंग्याची मैत्रीण रशीदा, तिची नानी आजारी. नानी म्हातारी झाली तरी तिच्यावर उपचार करतात, मग बैलाला का टाकायचे, असा त्या पोराचा सवाल. गुरुजींच्या घरच्यांनी त्यात आपले शेत पाहिले, आमच्यांनी रशीदाचे घर. दोन्ही घरांना आपले वाटेल असे दोन तास सहज मिळत नाहीत. चित्रपट संपल्यावर कापूस, बैल आणि कर्ज यांवर बोलणे चालले ते बारापर्यंत. त्यात पहिल्यांदाच बायकाही बोलत होत्या.

तिसऱ्या रात्री प्रोजेक्टर परत गेला होता, तरी माणसे येऊन बसली. मग घरच्याच माणसांनी वेळ सांभाळली. उर्दू शाळेतल्या मुलींनी दोन गट करून बैतबाजी केली. गुरुजींनी खड्या आवाजात पोवाड्याचा एक तुकडा म्हटला आणि सांगितले की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे महबूब हुसेन पटेल. आमच्यातल्या अर्ध्या मुलांना हे माहीत नव्हते. शेवटी दादीच्या पुढे ढोलक ठेवली. लग्नघरी बायका ढोलकीवर गातात ती गाणी, समधनीची थट्टा करणारी, नव्या नवरीला धीर देणारी. दखनच्या घराघरांत ती होती. आता मेहंदीच्या रात्री डीजे लागतो आणि ढोलक माळ्यावर जाते. दादीला बावीस गाणी येतात. तिच्या लेकींना सात-आठ. नातींना दोन, तीही अर्धी.

मालेगावच्या त्या चित्रपटांत नायिकेचे काम करायला नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत, कारण गावातल्या मुली पडद्यावर येत नसत. त्यावर आमच्या थोरल्या नातीने विचारले, "मग आपल्या बायकांची गोष्ट कोण ठेवणार?" कोणी उत्तर दिले नाही. दादी म्हणाली, "मेरी आवाज लेव, सूरत नक्को." तेवढ्यावर काम सुरू झाले. नात मोबाईलवर चित्रण करते. चौकटीत दादीचे हात, ढोलक, बांगड्या, अंगणातला कडुनिंब आणि वरून दादीचा आवाज. आतापर्यंत नऊ गाणी झाली. घराबाहेर काय दाखवायचे आणि काय नाही, हे दादी ठरवणार.

वाचकहो, यात खर्च फारसा नाही. चादर सगळ्यांकडे असते. चित्रपट आधी एखाद्या मोठ्याने पाहून ठेवावा, म्हणजे मध्येच उठायची वेळ येत नाही. तासा-दीड तासाचा निवडावा. अजानची वेळ टाळून बसावे. मोबाईल एका टोपलीत गोळा करावेत. पुढची जागा बायका-मुलांना द्यावी आणि एक तरी बिगर-नात्याचे घर बोलवावे. मोठ्या पडद्याची हौस असेल तर छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव होतो, तिथे शिकणाऱ्या मुलांनी घरच्यांना एक दिवस बोलावून घ्यावे. आणि चित्रपट संपल्यावर लगेच दिवा लावून उठू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय वाटले ते विचारावे. ढोलक माळ्यावर असेल तर ती खाली काढावी, कातडे उन्हात तापवून घ्यावे. गाणी किती आली ते या ईदला मोजून ठेवा, पुढच्या ईदला पुन्हा मोजा.