जायफळाची कळी

मोतीबिंदू काढला, तरी जायफळाची कळी पूर्वीसारखी लख्ख दिसत नाही. म्हणून बागेत बोलावणं आलं की पुतणीला सोबत नेतो. ती खिशातून भिंग काढते, कळी ब्लेडने उभी चिरते आणि सांगून मोकळी होते. आत परागकोशांचा दांडा असला की नर, बीजांडकोश असला की मादी. चिरल्यावर हे कोणालाही दिसेल. मी कळीला हात न लावता सांगायचो. मादीची कळी बहुधा एकटीदुकटी आणि बुडाशी सुरईसारखी फुगीर, नराच्या सडपातळ आणि घोसाने. बागायतदार भोवती उभे असले की मी उत्तर मुद्दाम लांबवायचो. तो मान मला फार आवडायचा. आता सगळे तिच्या तोंडाकडे बघतात आणि माझ्या पोटात कालवतं.

कळी दिसायलाच सहा-सात वर्षं जातात. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि बागेला दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नारळांमधल्या मोक्याच्या सावलीत एवढी वर्षं शिंपलेलं झाड नर निघालं की माणूस हबकतो. मग पानांवरून ओळखण्याची विद्या निघते: रुंद पान मादीचं, निमुळतं नराचं, शिरांचा कोन अमुक. मी आयुष्यभर पानं पाहिली. एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं जुळत नाहीत, तिथे लहान रोपाचं काय घेऊन बसलात? पान दाखवून ‘मादीची रोपं’ चढ्या भावाने विकणारे गिऱ्हाइकाची सहा-सात वर्षं लुबाडतात. त्यांच्याबद्दल माझ्याकडे चांगला शब्द नाही.

कलमाने हा घोर मिटतो, हे मान्य. फळ धरणाऱ्या मादीचीच काडी बांधायची. पण काडी उभ्या फुटव्याची हवी. आडव्या फांदीची बांधली तर कलम जमिनीलगत पसरतं, उंच होतच नाही. उभे फुटवे झाडाला मोजकेच येतात, आणि रोपवाटिकांना तर हजारांनी कलमं हवीत. तेव्हा काय बांधलं जातं ते धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण सुगंधा’ नर-मादी दोन्ही फुलं एकाच झाडावर आणते. ती लावणाऱ्याला माझी गरजच नाही.

तरी एक गाठ मला सुटलेली नाही. पहिल्या बहराला नुसते नराचे घोस देणारं झाड पुढे कधीतरी दोन-चार फळं धरतं. कुठलं धरेल हे कळी सांगत नाही, चिरली तरी नाही. आमच्याच वाडीतल्या एकाच्या बागेत असं एक झाड आहे. यंदा घोसांच्या गर्दीत दोन फळं लागली. एक तडकलं तेव्हा आतली जायपत्री लालभडक आणि सलग होती, बी टपोरं. पुतणी म्हणते, “काका, दोन फळांसाठी जागा अडवू नका, खोड छाटून मादीची काडी भरूया.” हिशेबाने तिचंच बरोबर असेल. पण असलं झाड पुढे काय करतं ते शेवटपर्यंत कोणी पाहिलंय? सगळे आधीच कोयता चालवतात. मी मालकाला कोयता लावू दिलेला नाही. आणखी दोन बहर थांबायला सांगितलंय, आणि त्यावरून आम्हा काका-पुतणीत अजून धुसफूस चालू आहे.